मनोरुग्णालयांच्या तपासणीला पैशाची जोड द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अर्थसंकल्पी अधिवेशन जवळ आले की आरोग्य खात्याच्या तरतुदींवर चर्चा सुरू होते. नवी वैद्यकीय महाविद्यालये, रुग्णवाहिका, विमा योजना यांवर भरपूर लिहिले जाते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र त्या चर्चेत क्वचितच येतात. पुण्याच्या येरवड्यात २,५४० मंजूर खाटा आहेत, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५. मिळून ५,६९५. यातली नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे ही रुग्णालये अनुक्रमे १८६४, १८८६ आणि १९०१ सालची. मराठवाड्याच्या वाट्याला अजून एकही आले नाही. जालन्याला ३६५ खाटांचे मनोरुग्णालय मंजूर झाले आहे, पण रुग्णाला मंजुरीत झोपता येत नाही, त्याला खाट लागते.

या रुग्णालयांवर देखरेख कोणी ठेवायची हे कायद्याने ठरवले आहे. त्यांना पैसा कोठून द्यायचा हेही ठरलेले आहे. अडचण अशी की या दोन वाटा एकमेकींना कोठेही मिळत नाहीत. तपासणी करणाऱ्यांच्या हाती पैसा नाही, आणि पैसा वाटणारे तपासणी अहवाल समोर ठेवून तो वाटत नाहीत. आम्हाला या पत्रात मुख्यतः एवढेच मांडायचे आहे, पण ते तपशिलात गेल्याशिवाय पटणार नाही.

आधी देखरेखीचे पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, आणि तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४५ नुसार प्रत्येक राज्यात मानसिक आरोग्य प्राधिकरण असते. मनोरुग्णालयांची नोंदणी करणे, त्यांचे किमान दर्जे ठरवणे, कलम ६७ खाली दर तीन वर्षांनी त्यांचे परीक्षण करणे आणि तक्रार आल्यास किंवा स्वतःहून कलम ६८ खाली तपासणी करणे ही त्याची कामे. कलम ४६ मध्ये या प्राधिकरणाची रचना दिली आहे. अध्यक्ष कोण, तर राज्याच्या आरोग्य विभागाचे सचिव किंवा प्रधान सचिव. सदस्यांमध्ये आरोग्य विभागाचेच सहसचिव आणि संचालक. शिवाय एखाद्या शासकीय मनोरुग्णालयाचे प्रमुख किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्र विभागप्रमुख. म्हणजे जे खाते रुग्णालय चालवते, त्याच खात्याचे सचिव त्या रुग्णालयाला नोंदणी देतात आणि त्याचे परीक्षणही करवून घेतात. प्राधिकरणात रुग्णांचे, काळजीवाहकांचे आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी आहेत. ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय कायदा करणाऱ्यांना द्यायलाच हवे. पण बैठक बोलावणे आणि विषयपत्रिका ठरवणे त्यांच्या हाती नाही.

खासगी रुग्णालयाने आदेश मोडला तर कलम ८२ खाली पाच लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि नोंदणीही रद्द होऊ शकते. शासकीय रुग्णालयाच्या बाबतीत या दोन्ही शिक्षा बोथट ठरतात. दंड भरला तर तो एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात जाईल, आणि तोही बहुधा रुग्णांच्याच खर्चातून. नोंदणी रद्द केली तर दोन हजार रुग्ण कोठे न्यायचे? म्हणून शासकीय मनोरुग्णालयावर चालेल असा एकच धाक उरतो: अहवाल सर्वांसमोर येणे, आणि त्या अहवालातल्या प्रत्येक त्रुटीपुढे तिच्यासाठी लागणारी रक्कम आणि ती देण्याची तारीख लिहिलेली असणे.

हा धाक आपोआप निर्माण होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयात मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेतून दिसले आहे. प्राधिकरण नीट काम करते का, रुग्णांना ठेवून घेण्याची आणि त्यांच्या तक्रारींची शहानिशा करणारी पुनरावलोकन मंडळे बसतात का, दहा वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात असलेले किती आणि त्यांतले घरी जाण्याजोगे किती, अशी माहिती न्यायालयाला सरकारकडून मागवावी लागली. खरे तर हे आकडे विधिमंडळासमोर दरवर्षी यायला हवेत. कलम ६४ नुसार राज्य प्राधिकरणाने वार्षिक अहवाल तयार करायचा आणि शासनाने तो विधिमंडळात मांडायचा. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची येथील भेटींनंतर देशातल्या सर्व ४६ शासकीय मानसिक आरोग्य संस्थांची स्थिती अमानवी आणि दयनीय असल्याचे म्हटले. बरे झालेल्यांनाही डांबून ठेवले जाते, हाही त्यात ठपका होता. याच तीन रुग्णालयांवर लक्ष ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने आयोगाकडे सोपवले ते १९९७ साली. पंचवीस वर्षांच्या देखरेखीनंतर अशी नोंद करावी लागते, याचे कारण आमच्या मते एकच आहे. शिफारशींना निधीचे शीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातली त्या खर्चाची स्वतंत्र नोंद, जोडलेले नव्हते.

पुनरावलोकन मंडळांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण रुग्णाच्या दृष्टीने तीच सर्वांत जवळची देखरेख आहे. मंडळात जिल्हा न्यायाधीश किंवा तत्सम न्यायिक अधिकारी अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यावसायिक आणि रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांमधून दोघे, असे सहा जण असतात. संमतीने दाखल न झालेल्या रुग्णाला कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर ३ दिवसांत आणि इतरांच्या बाबतीत ७ दिवसांत मंडळाला कळवावे लागते. तीस दिवसांपुढे ठेवायचे असेल तर कलम ९० लागू होते: पहिल्यांदा ९० दिवस, मग १२० आणि त्यानंतर दर वेळी १८०. प्रत्येक मुदतवाढीला मंडळाची संमती हवी.

आता हिशेब करून पाहू. समजा एका मंडळाच्या कक्षेत कलम ९० खालचे १,००० दीर्घकाळचे रुग्ण आहेत. दर १८० दिवसांनी नूतनीकरण म्हणजे वर्षाला सुमारे २,००० प्रकरणे. मंडळ आठवड्यातून एकदा बसले तर वर्षाला ५० बैठका, प्रत्येक बैठकीत ४० प्रकरणे. सहा तासांच्या बैठकीत एका माणसाच्या स्वातंत्र्याच्या वाट्याला ९ मिनिटे आली. यात नवे दाखले, तक्रारी, डिस्चार्जचे अर्ज धरलेले नाहीत. त्यातही अध्यक्षपद किंवा मनोविकारतज्ज्ञाचे पद रिकामे राहिले, गणपूर्ती झाली नाही, तर फायली कपाटात थांबतात आणि मुदत संपलेला रुग्ण वॉर्डात बसून राहतो. त्यामुळे मंडळासाठी कार्यालय, पूर्णवेळ लिपिक, सदस्यांचे मानधन, प्रवासखर्च आणि रुग्णाला मोफत मिळणारा वकील या गोष्टी हक्काचा भाग समजल्या पाहिजेत. मंडळ स्थापल्याची अधिसूचना काढली आणि त्याच्या बैठकांसाठी वेगळी तरतूद केली नाही, तर कलम ९० कागदावरच राहते.

तपासणीला गेलेल्यांनी काय पाहावे, याबद्दलही बोलले पाहिजे. बहुतेक भेटी आधी कळवून, सकाळी अकराच्या सुमाराला होतात. त्या वेळी फरशी पुसलेली असते, चादरी बदललेल्या असतात आणि सगळा कर्मचारीवर्ग हजर असतो. रात्री दहानंतर किंवा पहाटे पाचला गेले तर खरी परिस्थिती दिसते. साठ रुग्णांच्या बंद वॉर्डात किती जण ड्युटीवर आहेत? कुलपाची चावी कोणाकडे आहे? तोच माणूस दुसऱ्या वॉर्डात गेला असेल तर दुसरी चावी कोठे ठेवली आहे? तमिळनाडूतील एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ जण मरण पावले. आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळे गेली. बंद वॉर्डातला माणूस स्वतः दार उघडून बाहेर पडू शकत नाही. म्हणून अग्निसुरक्षा परीक्षणाचा कागद पाहून भागत नाही. रात्रीच्या पाळीत घंटा वाजवून सर्व रुग्ण मोकळ्या जागेत यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. वॉर्डाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते का, सर्व कुलपांना एकच चावी चालते का, हे तिथेच करून पाहावे.

खरुज ही दुसरी खूण. एखाद्या वॉर्डात खरजेची साथ महिनोन्महिने हटत नसेल, तर तिथे कपडे धुणे, पाणी, औषध आणि मनुष्यबळ या चारही गोष्टींत गडबड आहे असे खुशाल समजावे. उपचार साधा आहे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेखालच्या सर्वांगाला लावायचे, ८ ते १४ तास ठेवून धुवायचे आणि सात दिवसांनी पुन्हा लावायचे. एका प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते, म्हणजे ६० जणांच्या वॉर्डाला दोन फेऱ्यांसाठी १२० ट्यूब, शिवाय कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या. अट एवढीच की सर्वांना एकाच दिवशी लावायचे आणि त्याच दिवशी सर्वांचे कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुवायची. ज्यांना खाज सुटली त्या पंधरा जणांनाच मलम दिले, किंवा भांडारात ४० ट्यूब आहेत म्हणून त्या पुरवून पुरवून वापरल्या, तर तीन आठवड्यांत खरुज परत येते आणि तोवर दिलेले सगळे मलम वाया जाते. काटकसरीने खर्च वाढतो तो असा.

औषधांचेही तसेच आहे. क्लोझापिन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचे मोलाचे औषध. ते सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, त्यापुढे तपासणीतले अंतर वाढवता येते. हे औषध ४८ तासांहून अधिक काळ चुकले, तर आधीच्या डोसवर पुन्हा चढता येत नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून आठवडे घालवत वर न्यावे लागते, आणि तोवर आजार उसळतो. याचा अर्थ असा की भांडारात क्लोझापिन तीन दिवस नसले, तरी वॉर्डातल्या रुग्णाचे दोन-तीन महिने मागे जातात. मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवरच्या लिथियम या औषधाची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजायची असते. ती मोजायची सोय प्रयोगशाळेत नसेल, तर डॉक्टर एक तर ते औषध टाळतात किंवा अंदाजाने देतात, आणि दोन्हीत रुग्णाचे नुकसान आहे. विजेच्या (शॉकच्या) उपचारांना कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध सक्तीचे आहे. म्हणजे भूलतज्ज्ञ न आल्यास तो उपचार होत नाही. तेव्हा तपासणी करणाऱ्याने औषधसाठ्याची नोंद ठेवणाऱ्या ई-औषधी प्रणालीत मागच्या बारा महिन्यांत कोणते औषध किती दिवस शून्यावर होते ती यादी काढून घ्यावी. भूलतज्ज्ञाच्या भेटींची नोंदवही पाहावी. इंजेक्शनच्या खोलीतल्या शीतकपाटापेक्षा ही दोन पाने जास्त सांगतात.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २० मधली प्रत्येक ओळ अशीच तपासता येण्याजोगी आहे. सक्तीने मुंडण नको. गणवेश लादायचा नाही, स्वतःचे कपडे घालू द्यायचे. स्त्रियांना मासिक पाळीतले साहित्य द्यायचे. सक्तीने काम करून घ्यायचे नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यायचा. पोषक आहार द्यायचा. आहाराबद्दल एक सूचना: जेवणाची चव घेऊन अभिप्राय लिहिण्यापेक्षा वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचे दरमहा नोंदलेले वजन मागावे. सहा महिन्यांत ज्यांचे वजन पाच किलोंनी घटले त्यांची यादी करावी. वजनकाटा बंद असल्याने नोंद नाही असे उत्तर आले, तर तेही अहवालात लिहावे.

आता पैशाकडे वळू. रुग्णालये हा राज्यसूचीतला विषय असल्याने रोजच्या खर्चाचा भार राज्यावरच पडतो. केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी थेट दिसणारी मोठी रक्कम बेंगळुरूच्या निम्हान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेला होती, सुमारे ७२१ कोटी रुपये. आसाममधल्या तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेला ६४ कोटी आणि टेलि-मानस कार्यक्रमाला सुमारे १३४ कोटी. १४४१६ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो ही चांगलीच सोय आहे, पण येरवड्याच्या वॉर्डातली गळकी छत तिने दुरुस्त होत नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पात मनोरुग्णालयाचा खर्च वेगवेगळ्या उद्दिष्टांखाली विभागलेला असतो: वेतन, कंत्राटी सेवा, वीज-पाणी-दूरध्वनी, प्रवास, सामग्री व पुरवठा, यंत्रसामग्री, लहान बांधकामे. वेतनाची रक्कम सर्वांत मोठी असते आणि ती मिळतेच. ओढाताण होते ती बाकीच्या शीर्षांत. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवायला वरची मंजुरी लागते. अर्थसंकल्पात मंजूर झालेली रक्कम वर्षाच्या सुरुवातीला हाती येत नाही, ती टप्प्याटप्प्याने निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर उपलब्ध होते. शेवटचा हप्ता बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. तेव्हा महिनाभरात जे खरेदी करता येईल तेच खरेदी होते: कपाटे, संगणक, गाद्या. वर्षभर थोडे थोडे लागणारे धुलाईचे साबण, डायपर, चष्मे, दातांचे उपचार, रुग्णाच्या घरी जाण्याचा प्रवासखर्च यांची चणचण तशीच राहते. पुढच्या वर्षी वित्त विभाग मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च पाहतो. निधी उशिरा आला म्हणून परत गेला असला, तरी हिशेबात तो ‘गरज नव्हती’ असा दिसतो, आणि तरतूद आणखी कमी होते. लेखा शाखेतल्या कोणालाही हे चक्र माहीत आहे.

दुरुस्तीचे काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. अधीक्षक पत्र देतात, अंदाजपत्रक होते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. नळ गळतो तो मात्र आजच. जुन्या दगडी इमारतींत ओल भिंतीत मुरते, वायरिंग खराब होते. शिवाय मनोरुग्णालयाला काही खास गोष्टी लागतात, ज्या सर्वसाधारण दरसूचीत चटकन सापडत नाहीत. आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाच्या खोलीत फास अडकवता येईल असे काहीही असू नये: पंख्याचा हुक, खिडकीचे उभे गज, पुढे आलेला नळ, दाराची वरची बिजागरी, न्हाणीतला टॉवेलचा दांडा. हे बदलायचे तर तसा तपशील अंदाजपत्रकात लिहून द्यावा लागतो. नाहीतर नव्या वॉर्डातही जुन्याच पद्धतीचे दांडे बसवले जातात आणि नंतर ते काढण्याचा खर्च वेगळा.

मनुष्यबळाच्या बाबतीत मंजूर पदे आणि वॉर्डात प्रत्यक्ष उभी असलेली माणसे यांतला फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. आधीच्या, १९८७ च्या कायद्याखालील १९९० च्या नियमांत प्रमाण असे होते: १०० रुग्णांमागे १ मनोविकारतज्ज्ञ, १० मागे १ परिचारिका, ५ मागे १ परिचर. साठ रुग्णांच्या वॉर्डाला त्या हिशेबाने १२ परिचर मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. आठवड्यात २१ पाळ्या असतात आणि एक माणूस ६ पाळ्या करतो. बारा जणांच्या ७२ पाळ्या, म्हणजे एका पाळीला साडेतीनच्याही आत. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत पाचवा हिस्सा धरला तर तिघेही होत नाहीत. चार पदे रिक्त असतील तर एका पाळीला दोघेही पुरते मिळत नाहीत. त्यातला एक जण रुग्णाला घेऊन क्ष-किरणाला किंवा दुसऱ्या रुग्णालयात गेला की साठ जणांमागे एक माणूस उरतो. परिचारिकांचे गणितही असेच आहे: सहा सिस्टर म्हणजे पाळीला जेमतेम एक. मारहाण, पळून जाणे, पडून हाड मोडणे, बांधून ठेवणे या घटनांची चौकशी त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यावर थांबते. चौकशी अहवालाला त्या पाळीचा हजेरीपट जोडणे सक्तीचे केले, तर निष्कर्ष पुष्कळदा वेगळे निघतील. जो मारहाण करतो त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण एकाच माणसाला सलग दुसरी पाळी करायला लावणाऱ्या व्यवस्थेचीही नोंद झाली पाहिजे.

रिक्त पदांवर कंत्राटी माणसे नेमून भागवले जाते. सफाईला ते चालेल. मनोरुग्णाशी वागायला शिकलेला परिचर सहा महिन्यांत तयार होत नाही, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की शिकलेला माणूस निघून जातो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ ही पदे तर अगदी मोजकी, आणि रुग्णाला घरी पाठवण्याचे काम नेमके यांच्याचमुळे होते.

घरी पाठवण्याच्या खर्चाबद्दल सांगायलाच हवे. कलम १९ स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्या कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी अर्धमार्गी गृहे (रुग्णालय आणि घर यांच्यामधला निवास), सामूहिक निवास उभारणे किंवा उभारायला मदत करणे शासनावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात बरा झालेला रुग्ण बाहेर पडायचा तर बरीच कामे लागतात. त्याच्या बोलीवरून, गावातल्या नदी-देवळाच्या नावावरून पत्ता शोधायचा. आधार नोंदणीसाठी बोटांचे ठसे घेताना आधीची नोंद जुळून घर सापडल्याचीही उदाहरणे आहेत. मग पोलिसांकडून खातरजमा, कुटुंबाशी फोन, परराज्यातला असेल तर रेल्वे आरक्षण, सोबत कर्मचारी आणि पोलीस, रुग्ण स्त्री असेल तर स्त्री कर्मचारी, महिनाभराची औषधे, आणि गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयात पुढच्या उपचारांची चिठ्ठी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, बँक खाते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. यातली एक कडी तुटली, विशेषतः औषधे गावाकडे मिळाली नाहीत, तर तो माणूस सहा महिन्यांत पुन्हा दारात येतो. हा सगळा खर्च प्रवासाच्या आणि इतर किरकोळ शीर्षांतून होतो, आणि त्यांतच सर्वांत कमी पैसा असतो. एका रुग्णाला घरी नेण्याचा एकदाच होणारा खर्च आणि त्याला दहा वर्षे वॉर्डात ठेवण्याचा खर्च यांची तुलना कोणत्याही अर्थसंकल्पीय टिपणीत दिसत नाही.

ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी काम कसे होते याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था, जिच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार करून घरी पोहोचवते. ‘द बन्यन’ ही चेन्नईची संस्था चार-पाच जणांना साध्या वस्तीतल्या घरात एकत्र राहायला मदत करते. हा उपक्रम रत्नागिरीतही झाला. नागपूर मनोरुग्णालयात टाटा ट्रस्टने शासनाबरोबर ‘उडान’ प्रकल्प राबवला. ही कामे संस्थांच्या देणग्यांवर आणि ठरावीक मुदतीवर चालतात. कलम १९ चे दायित्व शासनाचे आहे, तेव्हा भाडे, घरगडी, औषधे आणि भेट देणारा सामाजिक कार्यकर्ता यांसाठी माणशी ठरावीक अनुदान शासनाने कायमस्वरूपी द्यावे.

ठाण्याबद्दल एक शब्द. तिथल्या रुग्णालयाच्या जागेतून ठाणे आणि मुलुंडदरम्यान नवे रेल्वे स्थानक होत आहे आणि रुग्णालयाचा पुनर्विकासही व्हायचा आहे. स्थानकाला आमचा विरोध नाही. लाखो प्रवाशांना त्याची गरज आहे. पण मनोरुग्णालयाची मोकळी जमीन ही त्याची ठेव आहे. तिचा कोणताही भाग गेला तर त्याचे मूल्य रुग्णांच्या सेवेसाठी वेगळ्या खात्यात जमा व्हावे, आणि नव्या इमारतीचा आराखडा ठरवताना वॉर्ड किती मोठे असावेत याचा निर्णय रुग्ण, परिचारिका आणि काळजीवाहक यांना विचारून व्हावा. साठ खाटांचे वॉर्ड नव्या काँक्रीटमध्ये बांधले तर पाळीचे गणित वर दिले तसेच राहील.

स्वायत्तता हा उपाय काही जण सुचवतात. दिल्लीतले शाहदऱ्याचे मनोरुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर स्वायत्त संस्थेच्या रूपात १९९३ मध्ये नव्याने सुरू झाले आणि तिथे शिक्षण-संशोधन आले, डॉक्टर आले. स्वायत्त संस्थेला खरेदी आणि नेमणुका लवकर करता येतात हे खरे. मात्र स्वायत्त संस्थेकडूनही हिशेब मागणारे कोणीतरी लागतेच.

म्हणून आमच्या मागण्या शासनाकडे आणि आपल्या वाचकांतल्या लोकप्रतिनिधींकडे आहेत. चारही मनोरुग्णालयांचा मागच्या वर्षाचा खर्च शीर्षवार, रुग्णालयवार प्रसिद्ध करावा, आणि त्याला एकूण रुग्ण-दिवसांनी भागून एका रुग्णामागे रोज किती खर्च होतो ते वेतन वगळून आणि वेतनासह असे दोन आकडे द्यावेत. कलम ६७ चे परीक्षण अर्थसंकल्पाच्या चार महिने आधी पूर्ण करून त्यातल्या प्रत्येक त्रुटीपुढे रक्कम लिहावी. वित्त विभागाने ती रक्कम नाकारली तर तसे कारणासह नोंदवावे. आहार, औषधे, कपडे, धुलाई आणि घरी पाठवण्याचा खर्च यांचा निधी एप्रिलमध्येच वर्षाच्या निम्म्याहून अधिक मोकळा करावा. रिक्त पदांचा तक्ता पाळीनिहाय प्रसिद्ध करावा. आणि प्राधिकरणाच्या परीक्षण पथकात, कायद्यातच तरतूद असल्याप्रमाणे, स्थानिक नागरिकांचे प्रतिनिधी घ्यावेत. त्यांना रात्री, न कळवता वॉर्डात जाण्याची मुभा असावी.

आमदारांना विधिमंडळात विचारता येईल असा प्रश्नही सुचवतो: कलम ६४ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे आजवर किती वार्षिक अहवाल सभागृहासमोर मांडले गेले, कोणत्या तारखांना, आणि त्यांपैकी प्रत्येकात चार मनोरुग्णालयांच्या भेटी किती नोंदल्या आहेत? हा प्रश्न येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या सदस्याने विचारावा.

आपले,
शासकीय मनोरुग्णालयांतील सेवेचा अनुभव असलेले काही निवृत्त कर्मचारी आणि सामाजिक कार्यकर्ते, पुणे